शेततळ्यात पडलेले जनावर दोर-कप्पीने बाहेर काढण्याची पद्धत

सामूहिक शेततळ्यांमुळे आणि २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेमुळे आपल्या राज्यात शेततळ्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढली आहे. डाळिंब, द्राक्ष व भाजीपाल्याच्या पट्ट्यात प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्याने अनेकांचा उन्हाळा तारून नेला. मात्र या अस्तराने एक नवा धोकाही आणला आहे. पाणी प्यायला आलेले जनावर फिल्मवरून घसरून आत जाते. गाय, बैल व म्हैस ही सर्व जनावरे पोहू शकतात, त्यामुळे ती लगेच बुडत नाहीत. परंतु ओल्या व शेवाळलेल्या फिल्मवर खुराची पकड बसत नाही आणि जनावर कडेला येऊन पुन्हा पुन्हा मागे घसरते. दमते ते या धडपडीने.

अशा वेळी गावातील दहा-पंधरा माणसे जमतात, शिंगांना किंवा गळ्याला दोर लावतात आणि एकदम हिसका देतात. यात जनावराची मान मोडते, दोर निसटून माणसे पडतात किंवा कोणीतरी उत्साहाच्या भरात आत उडी घेतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. ज्या उतारावर चार पायांचे जनावर चढू शकत नाही, त्यावर पट्टीचा पोहणाराही चढू शकत नाही. म्हणून सर्वप्रथम आत कोणी माणूस नाही याची खात्री करावी. कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये, असा दंडकच घरात घालून द्यावा.

ही पद्धत कोठून आली?

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर रबरी तराफ्यातून खळाळत्या पाण्यात प्रवास करण्याचा खेळ चालतो. भिरा येथील वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर ही नदी वाहती राहते. अशा नदीत तराफा कधी कधी खडकाला आडवा चिकटतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे अडकलेला तराफा नुसत्या हातांनी हलत नाही. काठावर यंत्र नेणे शक्य नसते. मग बचाव करणारे एक दोर, दोन कप्प्या आणि दोन आखूड दोरकडी एवढ्यावर तो ओढून काढतात. मांडलेला दोर रोमन ‘झेड’ अक्षरासारखा दिसतो, म्हणून या मांडणीला ‘झेड ओढ’ असे नाव पडले आहे. शेततळ्याच्या उतारासाठी ती जशीच्या तशी उपयोगी पडते.

कप्पीने ओझे केव्हा हलके होते?

येथे बहुतेकांची गफलत होते. झाडाला कप्पी बांधून तिच्यावरून दोर घेतला व उलट दिशेने ओढला, तर ओढण्याची दिशा तेवढी बदलते. ओझे एका किलोनेही कमी होत नाही. विहिरीवरच्या रहाटाचेही तेच आहे. उलट अशा कप्पीवर दोन्ही बाजूंनी ताण येत असल्यामुळे झाडावर ओझ्याच्या दुप्पट भार पडतो. ४०० किलोची ओढ असेल तर झाडाला ८०० किलो सोसावे लागतात.

ओझे हलके होते ते ओझ्याबरोबर सरकणाऱ्या कप्पीने. याचा अनुभव आपणांस आहेच. कडब्याची गाडी किंवा ट्रॉली आवळताना आपण दोराच्या मध्यावर एक कडे पाडतो, टोक खालच्या हुकातून घेतो, पुन्हा वर नेऊन त्या कड्यातून काढतो आणि खाली खेचतो. दोन हातांनी दोर तारेसारखा ताठ होतो. झेड ओढ म्हणजे हीच युक्ती. फक्त कड्याच्या आणि हुकाच्या जागी कप्प्या असतात, त्यामुळे घर्षणात जोर वाया जात नाही.

हिशोबाने या मांडणीत ओढ तिप्पट होते. म्हणजे एक माणूस तीन माणसांचे काम करतो, पण जनावर एक मीटर वर येण्यासाठी तीन मीटर दोर ओढावा लागतो. चांगल्या, तेलपाणी केलेल्या कप्पीत सुमारे दहा टक्के जोर घर्षणात जातो, तेव्हा प्रत्यक्षात ही ओढ २.७ पट भरते. कप्प्या गंजलेल्या असतील आणि निम्मा जोर खात असतील, तर ती पावणेदोन पटीवर येते. एक कप्पी चांगली व एक खराब असेल, तर चांगली कप्पी सरकत्या जागी, म्हणजे ओढणाऱ्यांकडून पहिली येईल अशी लावावी. तशी लावल्यास सुमारे २.३५ पट आणि उलट लावल्यास १.९५ पट ओढ मिळते. एवढ्याशा बदलाने एक-दोन माणसांचा फरक पडतो.

आता ४५० किलोचा बैल धरू. तळ्याच्या बाजूचा उतार दीडास एक असेल, म्हणजे दीड मीटर आडवे गेल्यावर एक मीटर उंची, तर उतारावर त्याची ओढ सुमारे २५० किलो येते. फिल्मवरचे व माथ्यावरचे घर्षण धरून ती ४०० किलोपर्यंत जाते. एक माणूस सलगपणे २५ किलोच्या आसपास ओढू शकतो. सरळ दोराने सोळा माणसे लागतील. झेड ओढीने सहा पुरतात. वस्तीवर एका हाकेला सहा माणसे मिळतात, सोळा मिळतीलच असे नाही.

साहित्य

१६ मिमी जाडीचा नायलॉनचा दोर ४० मीटर, दोन कप्प्या, दोन डी-शॅकल, १० मिमी नायलॉन दोराचे प्रत्येकी दोन मीटरचे दोन तुकडे आणि बळकट रुंद पट्टे एवढे साहित्य पुरे होते. कप्पी बाजूने बंद व दोर चाकाबाहेर न निसटणारी असावी. उघडे एस-हूक वापरू नयेत. ते ताणाने सरळ होतात. नवा १६ मिमी नायलॉन दोर चार टनांहून अधिक ताण सोसतो. तथापि गाठीमुळे ही ताकद निम्म्यापर्यंत उतरते, ओला झाल्यावर आणखी थोडी कमी होते. म्हणून वर्षभर उन्हात पडलेला, पांढुरका व कडक झालेला दोर या कामासाठी रद्द समजावा. सुंभ किंवा घायपाताच्या दोराचा भरवसा धरू नये.

१० मिमीच्या तुकड्याची दोन्ही टोके एकमेकांवर दोन-दोन वेढे देऊन घट्ट बांधली की दोरकडे तयार होते. हे कडे मुख्य दोराभोवती स्वतःतूनच तीन वेळा फिरवून घ्यावे. ओल्या दोरावर चार वेढे द्यावेत. मोकळे असताना हे कडे हाताने सरकते. ताण आला की दोराला करकचून धरते. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली ही गाठ प्रसिद्ध केली, म्हणून तिला प्रुसिक गाठ म्हणतात. या लेखात आपण तिला ‘पकडकडे’ म्हणू.

मांडणी कशी करावी?

तळ्याच्या ज्या बाजूला बाहेरची जमीन माथ्याच्या बरोबरीने सपाट आहे, ती बाजू निवडावी. माथ्यापासून आठ-दहा मीटरवर मांडीपेक्षा जाड बुंध्याचा लिंब किंवा बाभूळ असल्यास उत्तम. दोर बुंध्याला शक्य तितका खाली बांधावा. झाड नसेल तर ट्रॅक्टर उभा करावा, ब्रेक लावून गिअरमध्ये ठेवावा, चाकांना दगडांची ओटी द्यावी आणि दोर खालच्या ओढपट्टीलाच बांधावा. ट्रॅक्टर खुंटा म्हणून फार चांगला, ओढणारा म्हणून घातक. जनावराचा पाय अडकला तर माणसाच्या हाताला ते तत्काळ कळते, ट्रॅक्टरला कळत नाही. दोन्ही नसल्यास तीन पहारी एका ओळीत, मागे कललेल्या ठोकाव्यात आणि पुढच्या पहारीचे डोके मागच्या पहारीच्या बुडाशी बांधत जावे. ओल्या काळ्या जमिनीत मात्र पहारींवर विसंबू नये. अस्तराच्या कडेच्या चरात खुंटा ठोकणे तर टाळावेच.

जनावराकडून आलेला मुख्य दोर माथ्यावरून झाडाला बांधलेल्या पहिल्या कप्पीतून घ्यावा व पुन्हा तळ्याकडे आणावा. माथ्याजवळ मुख्य दोरावर एक पकडकडे घालून त्यात दुसरी कप्पी अडकवावी. परत आणलेला दोर या दुसऱ्या कप्पीतून घेऊन झाडाच्या दिशेने न्यावा. हेच टोक माणसांनी ओढावयाचे. दुसरे पकडकडे झाडाच्या कप्पीच्या अलीकडे मुख्य दोरावर घालून त्याचे टोक झाडाला पक्के करावे. हा झाला आडणा. माणसांनी दोर सैल सोडला किंवा कोणी घसरले, तर जनावर मागे न जाता या आडण्यावर थांबते.

माझ्या मते या सर्व मांडणीत तिप्पट ओढीपेक्षा आडण्याचे मोल जास्त आहे. उतारावर अर्ध्यात आलेले जनावर मागे सुटले, तर पाच-सहा माणसांना दोरासह आत नेऊ शकते. आडण्याजवळ एक समजदार माणूस बसवावा. दोर पुढे सरकताना त्याने कडे हाताने मोकळे ठेवावे, थांबताच सोडून द्यावे. सरकती कप्पी झाडाजवळ पोहोचली की थांबून ताण आडण्यावर द्यावा, पकडकडे पुन्हा माथ्याकडे सरकवावे आणि पुढची ओढ सुरू करावी. तीन मीटर खोल तळ्याचा उतार साधारण साडेपाच मीटर लांब असतो. दोन टप्प्यांत जनावर बाहेर येते.

जनावरास पट्टा बांधणे

गळा, शिंगे किंवा वेसण यांना ओढीचा दोर कधीही बांधू नये. वेसण घातलेल्या बैलाची वेसण आधी मोकळी करावी. एक पट्टा पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती, दुसरा मागच्या पायांच्या पुढून पोटाभोवती घ्यावा. गाई-म्हशीत तो कासेच्या पुढे राहील हे पाहावे. दोन्ही पट्टे बाजूंनी जोडून ओढीचा दोर वशिंडाजवळ पाठीवर येईल असे करावे. पट्टा पोटाखालून घेण्यासाठी लांब बांबूच्या आकडीचा उपयोग करावा. माणूस उतरावयाचाच असेल, तर हवा भरलेली ट्यूब आणि काखेखालून न आवळणाऱ्या गाठीने बांधलेला वेगळा दोर हवा. तो दोर दोघांनी धरावा, ओढीच्या दोराला जोडू नये. जनावराजवळ बाजूने जावे. मागून गेल्यास लाथ बसते, पुढून गेल्यास ते अंगावर चढू पाहते.

म्होरकीला एक हलका दोर बांधून तोंड पाण्यावर धरावे. तळ्यावर मोटार किंवा पंप असेल तर पाण्यात हात घालण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून फ्यूज काढून ठेवावा. उतारावर जुन्या फिल्मचा किंवा ताडपत्रीचा तुकडा ओला करून पसरावा. खुरांनी अस्तर फाटत नाही व घर्षणही कमी होते. दोर माथ्यावर जेथे घासतो तेथे भिजवलेली गोणपाटे ठेवावीत.

ओढताना

हुकूम एकानेच द्यावा; ‘थांबा’ मात्र कोणीही म्हणू शकतो, आणि तो शब्द ऐकताच सर्वांनी थांबावे. चालत चालत, सावकाश ओढावे. हिसका देऊ नये. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळू नये. ताणलेल्या दोराच्या रेषेत व दोराच्या वळणाच्या आत उभे राहू नये, कारण नायलॉन ताणतो आणि तुटला तर चाबकासारखा मागे येतो. मुख्य दोरावर मध्यभागी एक ओली गोधडी टाकून ठेवल्यास तो फटका बराच मरतो. पकडकडे दोरावरून घसरू लागले तर ओढ बेताबाहेर गेली आहे किंवा काही अडकले आहे असे समजावे, अधिक माणसे लावू नयेत. आधी कारण शोधावे.

गाळात रुतलेल्या जनावरासाठीही हीच मांडणी चालते. तेथे गाळाची ओढ मोठी असते. पायांभोवतीचा गाळ हाताने किंवा पाण्याच्या पाइपने मोकळा केल्याशिवाय ओढल्यास सांधे निखळतात. खोल विहिरीत पडलेल्या जनावरास मात्र वर भक्कम आधार लागतो. तेथे विहीर खोदणाऱ्यांची यारी किंवा अग्निशमन दलच बोलवावे.

बाहेर आल्यावर

जनावरास उरावर बसते करावे, कुशीवर पडू देऊ नये. आडवे पडलेल्या जनावरास पोटफुगी होते. अंग गोणपाटाने जोराने पुसावे व वाऱ्यापासून आडोसा करावा. दमलेल्या जनावरास बाटलीने काहीही पाजू नये, कारण औषध फुप्फुसात जाते. पशुवैद्यकास त्याच दिवशी दाखवावे. धाप लागणे व खोकला ही लक्षणे एक-दोन दिवसांनीही दिसू शकतात.

शेततळ्याच्या चारही बाजूंना कायमचे गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत, एका कोपऱ्यात ट्यूब बांधावी आणि कुंपण घ्यावे. पडलेल्या माणसाला हेच दोर पहिला हात देतात. झेड ओढीचा सराव पावसाळ्यापूर्वी एकदा अवश्य करावा. ताडपत्रीवर वाळूची चार-पाच पोती बांधून ती बांधाच्या बाहेरच्या उतारावर ओढून पाहावीत, मध्येच हात सोडून आडणा धरतो की नाही हे तपासावे. नंतर दोर धुऊन, सावलीत वाळवून, कप्प्यांना तेल देऊन सर्व साहित्य एकाच पोत्यात भरावे आणि ते पोते युरिया व फवारणीच्या औषधांपासून दूर, वस्तीवरील सर्वांना माहीत असलेल्या खुंटीला टांगावे.