कासदाहाचा उपचार आणि दुधातील औषधांश

दुभत्या जनावरांच्या रोगांपैकी पशुपालकास मोठी आर्थिक झळ पोचविणारा रोग म्हणजे कासदाह होय. ग्रामीण भागात तो ‘दगडी’ या नावानेही ओळखला जातो. कास सुजते, दुधात गुठळ्या येतात आणि उपचारास विलंब झाल्यास सड कायमचा निकामी होतो. रोग बहुधा जीवाणूंमुळे होत असल्याने त्यावर प्रतिजैविके दिली जातात. ती कोणाच्या सल्ल्याने, किती मात्रेत आणि किती दिवस दिली जातात, हा खरा प्रश्न आहे.

पुष्कळदा असे घडते की, सडात एक-दोन ट्यूब सोडताच दूध स्वच्छ दिसू लागते आणि उपचार तेथेच थांबतो. अपुऱ्या मात्रेतून वाचलेले जीवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात हाच धोका सांगितला होता.

याउलट, जेथे औषधाची गरजच नाही तेथेही ते टोचले जाते. तिवा हा विषाणुजन्य ताप आहे. त्याच्या विषाणूवर प्रतिजैविक मुळीच चालत नाही. जनावर बहुधा तीन दिवसांत आपोआप उभे राहते आणि श्रेय मात्र इंजेक्शनला मिळते! पुढच्या वेळी तीच बाटली औषधाच्या दुकानातून थेट आणली जाते, पशुवैद्यकास विचारलेही जात नाही.

उपचार चालू असलेल्या जनावराच्या दुधात औषधाचा अंश उतरतो. औषध एकाच सडात सोडले तरी ते रक्तात मिसळत असल्याने चारही सडांचे दूध वर्ज्य समजावे. दूध उकळल्याने हा अंश नाहीसा होईल, अशी खात्री बाळगता येत नाही. असे दूध संकलन केंद्रावरील टाकीत मिसळले की दोष सर्वांच्याच दुधात जातो. विरजण नीट लागत नाही, हे तर दही लावणाऱ्या गृहिणीच्याही लक्षात येते. औषधाच्या शेवटच्या मात्रेनंतर किती काळ दूध वापरू नये, हे वेष्टनावर छापणे २०१२ च्या नियमदुरुस्तीने बंधनकारक झाले. असा काळ निश्चित झालेला नसेल, तेथे दूध व अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि जनावरांच्या व कोंबड्यांच्या मांसासाठी २८ दिवस धरावे लागतात.

नियम चांगला आहे. पण त्याचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. दररोज ८ लिटर दूध देणाऱ्या एकाच गाईवर ज्याचे घर चालते, त्याने ७ दिवसांत ५६ लिटर दूध सोडून द्यावयाचे असते. त्याला केवळ लोभी म्हणून चालणार नाही. हे दूध वासरांना पाजणे हाही उपाय नव्हे, कारण त्यामुळे वासरांच्या आतड्यांत औषधाला न जुमानणारे जीवाणू बळावतात.

असे जीवाणू गोठ्यापुरते राहत नाहीत. माणसांच्या गंभीर संसर्गात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे आणि एका जीवाणूतून दुसऱ्यात जाणारे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात व रुग्णांतही आढळल्याचे प्रसिद्ध झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नोपयोगी पशुपक्षी, मत्स्यपालन व पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

औषधाची वेळच कमी येईल, अशी व्यवस्था गोठ्यात करता येते. धार काढण्यापूर्वी हात व सड धुऊन कोरडे करावेत, अंगठा मुडपून न पिळता पूर्ण मुठीने धार काढावी आणि आजारी जनावराची धार शेवटी काढावी. दोहनानंतर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहते. तेवढा वेळ समोर वैरण टाकल्यास जनावर उभे राहते. सड जंतुनाशक द्रावणात बुडविणेही उपयुक्त ठरते. बाहेरून न दिसणारा सुप्त कासदाह कॅलिफोर्निया चाचणीने गोठ्यातच काही क्षणांत ओळखता येतो.

ग्रामपंचायत आणि दूध संस्था यांना येथे एक साधे काम करता येईल. संकलन केंद्रावर एक वही ठेवून उपचाराखालील जनावर, औषध, शेवटच्या मात्रेचा दिवस आणि दूध पुन्हा स्वीकारण्याची तारीख पशुवैद्यकाच्या सहीने नोंदवावी. त्या दिवसांसाठी सभासदाला संस्थेच्या निधीतून थोडी उचल मिळाल्यास नोंद लपविण्याचे कारण फारसे उरणार नाही.