आधी पाय जमिनीवर, मग ध्यान



घर पाडले गेले त्याला वर्ष उलटलेले असते. दुसरीकडे भाड्याची खोली मिळालेली असते, मुले शाळेत जात असतात. तरी रस्त्यावरून जेसीबी गेला की एखाद्या ताईचे हातपाय गार पडतात, छाती धडधडू लागते. घरातले म्हणतात, "झाले गेले, आता विसर की." ती विसरायचाच प्रयत्न करत असते. पण तिचे शरीर विसरत नाही.

याला मनाचा आघात म्हणतात. आग, अपघात, मारहाण, जातीय हल्ला, बलात्कार, नवऱ्याचा रोजचा मार, डोळ्यांदेखत झालेला जवळच्या माणसाचा मृत्यू, यांतल्या कशानेही तो होऊ शकतो. मग तीच घटना स्वप्नात येते. झोप उडते. थोड्या आवाजाने माणूस दचकतो, लहानशा कारणाने चिडतो, त्या रस्त्याने जाणे टाळतो. काहींना काहीच जाणवेनासे होते. लहान मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात किंवा एकदम गप्प होतात. त्यांना रागावू नका.

असे का होते? धोका दिसला की मेंदू शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. हृदय जोरात चालते, श्वास वरवर होतो, अंग ताठ होते. दोन्ही शक्य नसले की शरीर थिजते. म्हणूनच हल्ल्याच्या वेळी "तू ओरडली का नाहीस?" हा प्रश्न विचारणे अन्यायाचे आहे. धोका टळल्यावर हे सगळे शांत व्हायला हवे. मोठ्या आघातानंतर मात्र ती धोक्याची घंटा आवाजाने, वासाने, वर्दी पाहूनही वाजत राहते.

हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले. जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना राहत्या जागेतून बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात ते सांगतात की, अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येते. एवढ्या खंबीर माणसाने हे लिहून ठेवले. मग आपण आपली जखम का लपवावी?

पटाचारेची गोष्ट

थेरी पटाचारेची कथा आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. नवरा, दोन लेकरे, आईवडील, भाऊ असे सगळे एका फेऱ्यात गेले. ती भान हरपून, अंगावर वस्त्र नाही अशा अवस्थेत श्रावस्तीत भटकत होती. लोक तिला हाकलत होते. भगवान बुद्धांनी तिला अडवू दिले नाही, जवळ येऊ दिले. प्रेमाच्या शब्दांनी आधी तिला भानावर आणले. कोणीतरी अंगावर पांघरायला वस्त्र दिले. तिने आपले दुःख सांगितले, ते त्यांनी ऐकून घेतले. धम्मोपदेश त्यानंतर. पुढे तीच पटाचारा मूल गमावलेल्या अनेक स्त्रियांचा आधार झाली.

हा क्रम लक्षात ठेवायचा: आधी सुरक्षितपणा, मग भान, मग ऐकून घेणे, मग साधना. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. रडणाऱ्या बाईला आपण लगेच सांगतो, "डोळे मिटून ध्यान कर, सगळे अनित्य आहे." जखम ताजी असताना डोळे मिटले की काहींना तीच घटना समोर दिसू लागते. मग ती बाई म्हणते, मला ध्यान जमत नाही. दोष तिचा नसतो, क्रमाचा असतो.

घरी काय करावे?

१. पाय जमिनीवर. भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर बसा. डोळे उघडे ठेवा. दोन्ही तळवे जमिनीवर टेकलेले जाणवू द्या. समोरच्या पाच वस्तूंची नावे मनात घ्या: हंडा, दार, दोरी, दिनदर्शिका, बाबासाहेबांची तसबीर. मग ऐकू येणारे तीन आवाज. मनाला सांगा, "मी आत्ता इथे आहे, ती वेळ गेली."

२. दहा श्वास. हा आनापानसतीचा लहान तुकडा समजा. श्वास नेहमीसारखा आत घ्या, सोडताना जरा सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून याने आराम पडतो. दहा झाले की थांबा. आगीच्या धुरात सापडलेल्या किंवा गळा दाबला गेलेल्या माणसाला श्वासाकडे पाहूनच भीती वाटू शकते. त्याने श्वास सोडून द्यावा, तळहात एकमेकांवर ठेवून त्यांची ऊब जाणवू द्यावी.

३. चंक्रमण. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे या चारही अवस्थांतली सजगता सांगितली आहे. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे असली तर बसायला जागा कुठली? गल्लीत, गच्चीवर किंवा विहाराच्या ओट्यावर दहा पावले जा, दहा पावले या. पाऊल उचलले, टेकले, एवढेच पाहा. ज्यांना बसवत नाही त्यांना हे जास्त सोपे जाते.

४. मैत्री भावना. सुरुवात स्वतःपासून किंवा ज्याच्या आठवणीने बरे वाटते अशा माणसापासून करा. ज्याने छळले त्याच्यासाठी मैत्री भावना करण्याची सक्ती कोणी करू नये. परंपरेतही वैऱ्याचा क्रम शेवटी आहे.

दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे पुरेत. एकटे करण्यापेक्षा आई, बहीण किंवा विहारातील ताई सोबत असेल तर उत्तम. छाती भरून आली, अंग थरथरले, घटना समोर दिसू लागली तर लगेच थांबा, पाणी प्या, कोणाशी तरी बोला. थांबणे म्हणजे हरणे नव्हे.

हे टाळा

आघात ताजा असताना एकदम दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊ नका. जायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिबिराच्या अर्जात आजार, गोळ्या लपवू नका. ध्यान सुरू केले म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. विसरण्यासाठी दारू घेणाऱ्याला पाचवे शील सुनावून भागत नाही. त्याच्या पिण्यामागे जखम आहे का ते विचारा आणि उपचाराला घेऊन जा.

महिना उलटूनही झोप, काम, खाणे जागेवर आले नाही तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

शांत बसणे म्हणजे गप्प बसणे नव्हे

सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. पहिला बाण लागतो ते दुःख, आणि त्या दुःखावर मन कुढत राहते तो दुसरा बाण. आपल्या लोकांना पहिला बाण पुष्कळदा दुसऱ्याने मारलेला असतो. "माझेच चुकले, माझ्याच वाट्याला का," हा दुसरा बाण साधनेने हळूहळू सुटतो. पहिला बाण मारणाऱ्याविरुद्ध तक्रार, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९, वकील, संघटना हे मार्ग आहेतच. मन थोडे स्थिर झालेली बाई पोलीस ठाण्यात जबाब नीट देऊ शकते, कोर्टाच्या तारखांना टिकून राहते. तिच्यासोबत जाणे हे आपले काम आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे चंक्रमण ठेवा. वस्तीत कोण गप्प गप्प असते ते आठवा आणि तिला बोलवायला स्वतः तिच्या दारी जा. उपदेश नको. आधी चहा द्या, जवळ बसा, ऐका.

नमो बुद्धाय! जय भीम!