जुनी स्पोर्ट्‌स कार आणि घसाऱ्याचे गणित

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत लसीकरण, बालदमा किंवा मधुमेह यांविषयीचे लेख अपेक्षित असतात. एका बालरोगतज्ज्ञाने मोटारीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु अलीकडे आपल्या तरुण सहकाऱ्यांच्या गप्पांत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. नवी फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी आपल्या आवाक्याबाहेरची, हे सर्वांनाच मान्य असते. पण सात-आठ वर्षांपूर्वीची गाडी मूळ किमतीच्या निम्म्याहून कमीत मिळत असेल, तर ती घेण्यास हरकत काय? घसारा तर पहिल्या मालकाने सोसलेला असतो!

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेणे हा या लेखाचा हेतू. येथील तत्त्व सोनोग्राफी यंत्र, जनित्र किंवा साध्या मोटारीलाही लागू पडते, म्हणून ज्यांना स्पोर्ट्‌स कारची हौस नाही त्यांनीही हे वाचावे अशी विनंती आहे.

घसाऱ्याचे तीन हिशेब

वस्तू वापरल्याने, जुनी झाल्याने किंवा तिच्याहून चांगली वस्तू बाजारात आल्याने तिच्या मूल्यात होणारी घट म्हणजे घसारा. एकाच मोटारीचा घसारा तीन ठिकाणी तीन प्रकारे मोजला जातो, आणि या तिन्हींची गल्लत केल्यामुळेच बरेच गैरसमज होतात.

पहिला हिशेब आयकराचा. व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर दरवर्षी शिल्लक मूल्याच्या १५ टक्के घसारा धरला जातो. म्हणजे १०० रुपयांचे पहिल्या वर्षाअखेर ८५, दुसऱ्या वर्षी ७२.२५, तिसऱ्या वर्षी ६१.४१ आणि पाचव्या वर्षी ४४.३७ रुपये उरतात. शरीरातून औषध बाहेर पडण्याचा जो वक्र आपण औषधशास्त्रात शिकलो, तोच हा वक्र. याची हाफ-लाइफ सुमारे ४.३ वर्षे येते. ही सवलत व्यवसायातील वापरापुरतीच असते. दोन आसनी गाडीतून आपण रुग्णभेटीला जातो हे आयकर अधिकाऱ्याला पटवणे सोपे नाही. शिवाय ३० टक्के कर भरणाऱ्याचे १०० रुपयांच्या घसाऱ्यामागे ३० रुपये वाचतात. उरलेले ७० रुपये त्याचे स्वतःचेच गेलेले असतात.

दुसरा हिशेब विम्याचा. गाडीचे विमा-घोषित मूल्य, ज्याला आपण आयडीव्ही म्हणतो, ते ठरावीक कोष्टकाने उतरत जाते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतरचे मूल्य विमा कंपनी व मालक यांनी परस्परसंमतीने ठरवायचे असते.

तिसरा हिशेब बाजाराचा आणि खरा तोच. महागड्या गाडीची किंमत पहिल्या तीन ते पाच वर्षांत वेगाने कोसळते, पुढे उतार मंदावतो आणि काही मोजक्या गाड्यांच्या बाबतीत तो वळून चढही घेतो. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये केवळ १०६ मॅक्लारेन एफ-वन गाड्या तयार झाल्या. त्यांतील एक २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात २ कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेली. असे दाखले देऊन जुनी गाडी ही ‘गुंतवणूक’ असल्याचे सांगितले जाते. पण एका विरळा रुग्णाच्या बरे होण्यावरून आपण उपचारपद्धती ठरवीत नाही, तोच विवेक येथेही ठेवावा.

एका फेरारीची कथा

महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेली स्पोर्ट्‌स कार म्हणजे सचिन तेंडुलकरची फेरारी ३६० मोडेना. सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये ही गाडी मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला भेट मिळाली. गाडीची किंमत तेव्हा सुमारे ७५ लाख रुपये सांगितली जात होती, आणि तिच्यावरील सीमाशुल्क सुमारे १ कोटी १३ लाख. २००३ मध्ये सरकारने हे शुल्क माफ केल्यावर वाद झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर फियाट कंपनीने शुल्क भरले. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली.

या कथेतील आकड्यांकडे आपण घसाऱ्याच्या दृष्टीने क्वचितच पाहतो. गाडीपेक्षा तिच्यावरचे शुल्क मोठे होते. भारतात आयात गाडीला आपण जी किंमत मोजतो, तिचा मोठा भाग धातू, इंजिन किंवा कारागिरीचा नसून कराचा असतो. म्हणून सरकारने कर बदलला की जुन्या गाडीचे मूल्य ती गॅरेजमध्ये उभी असतानाही बदलते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील २८ टक्के जीएसटी व त्यावरचा १७ ते २२ टक्के उपकर जाऊन ४० टक्के दर आला. नवी गाडी जेवढी स्वस्त होते, तेवढा दबाव जुन्या गाडीच्या भावावर येतो. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तेथील मोटारींवरचे शंभर टक्क्यांहून अधिक असलेले आयातशुल्क ठरावीक कोट्यापुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. ॲस्टन मार्टिन किंवा मॅक्लारेन जुनी घेऊ पाहणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

आता मुख्य मुद्दा. चार कोटींची गाडी आठ वर्षांनी दीड कोटीला मिळाली, तरी ती दीड कोटींची गाडी होत नाही. तिचे सुटे भाग, ब्रेक, टायर, क्लच आणि कारागिराची मजुरी चार कोटींच्या गाडीचीच राहते. वर उल्लेखिलेल्या ३६० मोडेनाचेच उदाहरण घ्या. तिच्या इंजिनातील टायमिंग बेल्ट दर तीन वर्षांनी बदलावा, अशी शिफारस होती. मग गाडी ३०,००० किलोमीटर धावलेली असो वा ३००. औषधाची बाटली उघडली नाही म्हणून तिची मुदत थांबत नाही, तसेच हे. कमी धावलेली गाडी उत्तम, हा साध्या मोटारींचा नियम येथे आंधळेपणाने लावता येत नाही.

विम्यातही हाच पेच आहे. दुरुस्तीचा खर्च विमा-घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी पूर्ण हानी झालेली समजली जाते. मूल्य उतरत गेले आणि सुट्या भागांचे दर चढत राहिले, तर मध्यम स्वरूपाचा अपघातही गाडीचा शेवट ठरू शकतो. शिवाय साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, तर फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापला जातो. तो वाचवणारे ‘झीरो डेप’ संरक्षण सहसा गाडीच्या पहिल्या काही वर्षांपुरतेच मिळते.

कराचेही तसेच. कर्नाटकात २० लाखांवरील मोटारीचा आजीवन कर १८ टक्के आहे. परराज्यातील जुनी गाडी येथे आणून नोंदवताना वयानुसार सवलत मिळते, पण हिशेब मूळ किमतीपासून सुरू होतो, आपण दिलेल्या किमतीपासून नव्हे.

हे सर्व एका काल्पनिक उदाहरणात मांडतो. समजा, नवी गाडी ४ कोटींना घेतली व चार वर्षांनी २ कोटी २० लाखांना विकली. वार्षिक घट ४५ लाख. अडकलेल्या भांडवलावर ७ टक्क्यांनी बुडालेले व्याज २८ लाख. विमा, देखभाल व टायर १० लाख. एकूण वर्षाला ८३ लाख. तीच गाडी आठ वर्षांची असताना १ कोटी ६० लाखांना घेतली आणि चार वर्षांनी १ कोटी १६ लाखांना विकली, तर वार्षिक घट ११ लाख, व्याज ११ लाख २० हजार आणि देखभालीचे तेच १० लाख. एकूण ३२ लाख २० हजार.

जुनी गाडी दरवर्षी सुमारे ५१ लाखांनी स्वस्त पडली, हे खरेच. पण महिन्याला पावणेतीन लाखांच्या आसपास खर्च चालूच आहे, आणि वर्षाला २,००० किलोमीटर फिरवली तर प्रत्येक किलोमीटर १,६१० रुपयांना पडतो. आणखी एक गोष्ट पाहा. नव्या गाडीच्या एकूण खर्चात देखभालीचा वाटा १२ टक्के होता, जुन्या गाडीत तो ३१ टक्के झाला. घसाऱ्याचा अंदाज आधी बांधता येतो; देखभालीचा येत नाही. एखादी गिअरबॉक्स निकामी झाली तर हे १० लाख एका दिवसात दुप्पट-तिप्पट होतील. पहिल्या मालकाने घसारा सोसला हे म्हणताना, अनिश्चितता त्याने आपल्याकडे सोपवली हेही म्हणायला हवे.

गुंदच्या रस्त्यावर

आता हा प्रश्न आपल्या अंगणात आणून पाहू. गुंद परिसरातले रस्ते जंगलातून, वळणावळणांनी जातात. पावसाळ्यात कडेची माती रस्त्यावर येते, खड्डे पाण्याखाली झाकले जातात, सायंकाळनंतर गवे आडवे येतात. स्पोर्ट्‌स कारचा तळ जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच वर असतो. एखादा उंच गतिरोधकही तिला पुरेसा आहे. अधिकृत सेवाकेंद्र मुंबईला किंवा बेंगळूरुला. बिघाड झाल्यास गाडी ट्रकवर चढवून शेकडो किलोमीटर न्यावी लागणार. इंधनाचाही विचार हवा. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आले. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या आयात गाड्यांतील रबरी नळ्या व सील या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक मुद्दा वगळता येत नाही. बहुतेक स्पोर्ट्‌स कार दोन आसनी असतात. घरात लहान मूल असेल, तर ते कोठे बसणार? चालू एअरबॅगच्या समोर मागे तोंड असलेले बाळाचे आसन कधीही ठेवू नये. एअरबॅग फुगण्याचा आघात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. मांडीवर मूल घेऊन बसणे तर त्याहून घातक. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य बाल-आसन न लावल्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार दंडही आहे. दंडाची रक्कम हजार रुपये. मुलाच्या मानेची किंमत मी लिहीत नाही.

पूर्वेतिहास आणि तपासणी

एवढे वाचूनही ज्यांची इच्छा कायम आहे, त्यांना माझा विरोध नाही. हौस ही माणसाची गरज आहे. मात्र नव्या रुग्णाला ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने गाडी तपासावी.

१. पूर्वेतिहास : सर्व्हिसची सलग नोंद, विम्याचे जुने दावे, आयातीची सीमाशुल्क कागदपत्रे आणि चासी क्रमांकाची पडताळणी. इतिहासात खंड असेल, तर तो का, हे विचारावे.

२. बाह्य तपासणी : रंगाच्या थराची जाडी यंत्राने मोजावी, दुरुस्त केलेला अपघात तेथे उघडा पडतो. टायरवरील शेवटचे चार आकडे त्याचा जन्म सांगतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. गालिचा उचलून चिखलाचे अवशेष पाहावेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला. अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या बाजारात येतात.

३. विशेष चाचण्या : इंजिनाची कॉम्प्रेशन व लीक-डाउन चाचणी, क्लचची उरलेली जाडी, संगणकातील बिघाडांच्या नोंदी. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तंत्रज्ञाकडून, स्वतःच्या खर्चाने करून घ्याव्यात. सेकंड ओपिनियनचे महत्त्व आपल्याला कोणी सांगायला नको.

४. कागदपत्रे : परराज्यातील गाडीसाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, कर्ज असल्यास ते फिटल्याचा फॉर्म ३५, हस्तांतराचे फॉर्म २९ व ३०. विम्याच्या हस्तांतरासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. कर वाचवण्यासाठी भलत्याच राज्यात नोंदवलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

कर्ज काढून घ्यावी का?

याचे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. डॉक्टरचे उत्पन्न त्याच्या दोन हातांवर अवलंबून असते. तो आजारी पडला की दवाखाना बंद, आणि दवाखाना बंद की उत्पन्न बंद. हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो. अशा वेळी विकायला काढलेली स्पोर्ट्‌स कार लगेच विकली जात नाही, कारण तिचे गिऱ्हाईक मुळातच थोडे. घाईने विकणाऱ्याला मिळणारा भाव कोणत्याही कोष्टकात नसतो. म्हणून दवाखान्याचे कर्ज फिटलेले, मुलांच्या शिक्षणाची तरतूद झालेली, कुटुंबाचा आरोग्यविमा पुरेसा आणि किमान वर्षभराचा घरखर्च हाताशी असल्यावरच हा विषय काढावा. गाडीच्या किमतीखेरीज तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी काढून ठेवता आली पाहिजे. ती निघत नसेल, तर गाडी परवडत नाही, असा साधा निकष ठेवावा.

आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना हे गणित वेगळ्या रूपात माहीत आहे. सुपारीचे रोप लावल्यावर पाच-सात वर्षे केवळ खर्च असतो, मग ते झाड अनेक वर्षे देत राहते. मोटारीचे उलट आहे. पहिल्या दिवशी ती सर्वाधिक मोलाची असते आणि पुढे केवळ मागत राहते. तरीही बागाईतदार सणाला फटाके आणतोच, आणि त्यांची राख झाली म्हणून हळहळत नाही. स्पोर्ट्‌स कार त्या भावनेने घेता येत असेल, तर खुशाल घ्यावी. घेताना तिच्या आजच्या किमतीपेक्षा तिची मूळ किंमत आधी विचारावी, कारण पुढील सर्व बिले त्या किमतीवर येणार आहेत.