मराठी ख्रिस्ती लेखनातील खरेपणाची कल्पना : बाबा पदमनजी यांच्या निमित्ताने

गेली पंचवीस वर्षे मी खानापूर तालुक्यात मराठी साहित्य शिकवतो आणि नंदगडला राहतो. माझ्या वर्गात दरवर्षी काही ख्रिस्ती मुले असतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड असते. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकवताना बाबा पदमनजींचे नाव आले की ही मुले थोडी सावरून बसतात. पदमनजी प्रॉटेस्टंट होते आणि नंदगडची मुले बहुतेक कॅथलिक, हा फरक त्या क्षणी मागे पडतो. आपल्या भागातला, आपल्या धर्माचा एक माणूस पाठ्यपुस्तकात आहे, एवढेच त्यांना पुरते.

पदमनजींचा जन्म बेळगावचा, 1831 सालचा. नंदगडच्या माणसाला हे साल वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वर्षी 26 जानेवारीला संगोळ्ळी रायण्णाला इथे फाशी दिले आणि त्याची समाधीही इथेच आहे. तो लढाईत हरला नव्हता. फितुरीने पकडला गेला. त्यामुळे आमच्याकडे ‘इमान’ आणि ‘बेइमान’ हे शब्द जरा जोर देऊनच उच्चारले जातात. योगायोग असा की मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्तीही 1831 चीच, आणि पुढे त्या कोशाचा संक्षेप पदमनजींनी केला. शब्द तोलण्याचे काम त्यांनी उपजीविकेइतक्याच गांभीर्याने केले. म्हणून खरेपणाविषयी त्यांचे म्हणणे काय होते हे पाहण्याआधी शब्दांकडे पाहणे योग्य होईल.

खरेपणासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘सत्य’ हा ग्रंथातला शब्द. ‘खरे’ हा बाजारातला. नाणेही खरे-खोटे असते. ‘प्रामाणिक’ या शब्दात प्रमाण आहे, म्हणजे जे पुराव्याला उतरते ते. ‘इमान’ अरबीतून आले. अरबीत त्याचा अर्थ श्रद्धा. मराठीत येईपर्यंत त्याची सचोटी झाली. आता गंमत पाहा. नंदगडच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या शेवटी लोक ‘आमेन’ म्हणतात. तो शब्द हिब्रू, आणि त्याचे व ‘इमान’चे मूळ सेमिटिक धातू एकच. टिकणे, भक्कम असणे, ज्यावर भार टाकता येतो असे असणे हा त्या धातूचा अर्थ. हिब्रूतला सत्यवाचक ‘एमेत’ हा शब्दही त्याच कुळातला. रविवारी चर्चमध्ये म्हटलेला शब्द आणि बुधवारच्या बाजारात दुकानदाराविषयी काढलेला शब्द हे चुलतभाऊ आहेत, हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही वही उघडून बसली होती.

ही केवळ व्युत्पत्तीची करमणूक नव्हे. सत्य म्हणजे वस्तुस्थितीशी जुळणारे विधान, ही एक कल्पना झाली. सत्य म्हणजे ज्यावर दुसऱ्याला विसंबता येते ते, ही दुसरी. बायबलमधील शिकवण दुसऱ्या कल्पनेकडे अधिक झुकते. दहा आज्ञांमध्ये ‘खोटे बोलू नका’ अशी मोकळी आज्ञा नाही. आज्ञा आहे ती शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याबद्दलची. चित्र न्यायसभेचे आहे : एक माणूस आरोपी म्हणून उभा आहे आणि माझ्या बोलण्यावर त्याचे घर, शेत, कदाचित जीव अवलंबून आहे. असत्याचा विचार इथे विधानापासून सुरू होत नाही, शेजाऱ्यापासून होतो. (कॅथलिक आणि लूथरपंथी ही आज्ञा आठवी मोजतात, इतर बहुतेक प्रॉटेस्टंट नववी. नंदगडचे पोर ‘आठवी’ म्हणेल, पदमनजी ‘नववी’ म्हणाले असते. परीक्षेत यावरून गुण कापू नयेत.)

कॅथलिक शिकवणीने या आज्ञेचा विस्तार बराच बारकाईने केला आहे. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात या आज्ञेखाली खोटेपणाबरोबर आणखी काही गोष्टी येतात. पुरेशा आधाराशिवाय दुसऱ्याविषयी मनात वाईट मत करून घेणे हा दोष. खोटे सांगून कुणाची अब्रू घेणे हा दोष, हे कळते. पण योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष तिसऱ्याला सांगणे हाही दोषच. म्हणजे विधान शंभर टक्के खरे असूनही माणूस या आज्ञेचा भंग करू शकतो. आपल्याकडे कुटाळकी, चहाडी, चुगली असे इतके शब्द आहेत ते याच कामासाठी. आणि ‘मी खोटं काय बोललो?’ हा त्या कामातला नेहमीचा बचाव. या शिकवणीत तो बचाव चालत नाही. शिवाय नुसती क्षमा मागून भागत नाही; गेलेली अब्रू शक्य तेवढी भरून द्यावी लागते. हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो. ज्याने बारा जणांना सांगितले त्याने त्या बारा जणांकडे परत जायचे.

डोंगरावरील प्रवचनात येशूने शपथेलाच हात घातला. शपथ वाहूच नका, तुमचा साधा होकार आणि साधा नकार पुरेसा असावा, असा त्याचा आशय. शपथेची गरज पडते याचाच अर्थ, शपथेविना बोललेल्या शब्दाची किंमत कमी आहे असे बोलणाऱ्याने मान्य केले. दर दोन वाक्यांनी ‘आईशप्पथ’ म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे लगेच पटते, सवय मात्र जात नाही.

सत्य बोलण्याची शिकवण मराठी मनाला मिशनऱ्यांनी दिली, असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. संतांच्या वाणीत ती भरपूर आहे, हरिश्चंद्राची कथा तर प्रत्येक आजीला पाठ होती. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांमुळे फरक पडला तो एका ठिकाणी : मनात जे मानतो ते जगापुढे न सांगणे हे असत्य आहे काय, हा प्रश्न त्यांनी मराठी गद्यात आणला. इथे पदमनजींची गोष्ट येते.

बेळगावच्या मिशन शाळेत शिकून ते पुढे मुंबईला गेले. तिथे 1849 च्या सुमारास परमहंस सभा स्थापन झाली होती. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिच्या पुढाऱ्यांत होते, रामचंद्र बाळकृष्ण अध्यक्ष. जातिभेद मोडावा, एका ईश्वराची उपासना करावी, विधवाविवाहाला मान्यता असावी, ही त्यांची मते. सभासद जात मोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. पण हे सारे दाराआड. बाहेर आल्यावर प्रत्येक जण आपापल्या जातीच्या पंगतीत बसायला मोकळा. संख्या पुरेशी वाढली की मग उघड व्हायचे, असा बेत होता. तो दिवस आलाच नाही. 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटल्याची बातमी आली आणि सभा विरून गेली.

तरुण पदमनजी या सभेत होते. सभेच्या आतल्या हकिकतीसाठी अभ्यासकांना ज्या थोड्या साधनांवर विसंबावे लागते, त्यांत त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र आहे. मत पटले होते, माणसे आवडती होती. अडत होते ते गुप्ततेपाशी. ज्याला मी खोटे मानतो त्यात दिवसा भाग घ्यायचा आणि ज्याला खरे मानतो ते रात्री कुजबुजायचे, ही दोन घरे त्यांना एकत्र चालवता येईनात. 1854 मध्ये त्यांनी बेळगावला, म्हणजे आपल्याच गावात, आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या गर्दीत हे निभावणे सोपे गेले असते. तीन वर्षांनी, 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ आले. विधवांच्या स्थितीविषयी जे सभेत बंद दाराआड बोलले जात होते ते त्यात छापून उघड्यावर मांडले आहे. त्या पुस्तकाची कादंबरी म्हणून चर्चा पुष्कळ झाली. मला ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून बोलल्यासारखे वाटते, त्यातली प्रचारकी पाने धरूनही.

तरीही पदमनजींच्या बाजूने सरळ निकाल द्यायला मी तयार नाही. परमहंस सभेच्या लोकांना भित्रे म्हणणे सोपे आहे. बहिष्काराची शिक्षा एकट्या पुरुषाला होत नसे. घरातली बायको, न उजवलेल्या बहिणी, म्हातारी आई सगळ्यांचा हुक्का-पाणी बंद होई. त्यांच्या गप्प बसण्यात भीती होती तशी दुसऱ्यांची काळजीही होती. आणि उघड बोलणाऱ्या माणसाच्या सत्याची किंमत पुष्कळदा घरचे मोजतात, तेही न विचारता. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे सांगायला नको. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या सद्सद्विवेकाशी प्रामाणिक राहून; त्यानंतरची ताटातुटीची वर्षे कुणी काढली हे लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले आहे. त्या स्वतः 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. माझ्या मते मराठीतील खरेपणाचा सर्वांत उंच नमुना तोच : नवऱ्याच्या मोठेपणाला बाध न आणता त्याचा विसराळूपणा, त्याचा संताप आणि स्वतःचा आडमुठेपणा त्या एकाच सुरात सांगतात. खरा दोष सांगूनही ती चहाडी होत नाही, कारण सांगणारी स्वतःला वगळत नाही.

आता उरतो तो जुना पेच. कुणाच्या भल्यासाठी बोललेले खोटे चालते काय? संत ऑगस्टीन यांनी यावर दोन ग्रंथ लिहिले, पहिला सुमारे 395 मध्ये, दुसरा 420 च्या सुमारास. त्यांचे उत्तर ठाम : नाही. इजिप्तमधील सुइणींनी फारोला खोटे सांगून बाळे वाचवली आणि देवाने त्यांचे भले केले, हा आक्षेप त्यांना ठाऊक होता. देवाने फळ दिले ते त्यांच्या दयेला, खोटेपणाला नव्हे, असे ते म्हणतात. मग त्यांनी फर्मस नावाच्या बिशपची हकिकत दिली. एक माणूस त्याच्या आश्रयाला आला होता. सम्राटाची माणसे विचारत आली. ‘मी खोटे बोलणार नाही आणि त्याला धरूनही देणार नाही’ अशी भूमिका त्याने घेतली, छळ सोसला, आणि शेवटी सम्राटाने त्या माणसाला माफी दिली.

महाभारताच्या कर्णपर्वात हाच प्रसंग आहे आणि निकाल उलटा. कौशिक नावाचा तपस्वी नेहमी खरे बोलण्याचे व्रत पाळत होता. दरोडेखोरांना भिऊन पळालेले लोक कुठे लपले ते त्याने विचारताच सांगून टाकले. ते मारले गेले आणि कौशिक नरकात गेला. कृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो. दोन्ही कथा मी वर्गात एकापुढे एक ठेवतो. वरवर पाहता त्या एकमेकींना छेद देतात. पण फर्मसने कौशिकासारखे केले नाही, हे मुलांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो. खोटे बोलणे आणि सांगून टाकणे यांच्या मधे त्याने जागा शोधली आणि त्या जागेचे भाडे आपल्या अंगावर घेतले.

हे मी इतक्या सहज शिकवतो, पण एकदा माझीच परीक्षा झाली. काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला नंदगडचा एक ख्रिस्ती मुलगा होता. वडील आजारी पडले, भातकापणी त्याच्या एकट्याच्या गळ्यात आली. हजेरी इतकी कमी भरली की परीक्षेला बसू देणार नव्हते. मी त्याला न विचारता दाखला तयार केला : अमुक इतके दिवस जादा तासांना हजर होता. असे दाखले सगळीकडे लिहिले जातात. मला वाईट वाटले नाही. उलट जरा बरेच वाटले.

दुसऱ्या दिवशी तो दाखला घेऊन परत आला.

“सर, यात मी होतो असं लिहिलंय. मी नव्हतो.”

मी म्हणालो, “अरे, कुणाचं नुकसान होतंय यात?”

“माझ्यासारखेच शेतात होते ते दोघंजण, सर. त्यांना कोण लिहून देणार?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मला वाटले होते हा मुलगा नियमाला चिकटून बसला आहे. त्याच्या डोळ्यांपुढे शेजारी होते. त्याने मला दुसरे पत्र लिहायला सांगितले : हा गैरहजर होता, कारण हे, आणि याच कारणाने आणखी दोघे गैरहजर होते. मी लिहिले. पत्र वर गेले आणि नियमावर बोट ठेवून परत आले. तिघांचेही वर्ष गेले. पुढच्या वर्षी त्यातले दोघे परीक्षेला बसले. तिसरा गोव्याला कामाला गेला, तो परतला नाही.

दाखला दिला असता तर निदान एकाचे वर्ष वाचले असते, हा हिशेब मी अजून करतो. ऑगस्टीनने माझे समाधान होत नाही आणि कृष्णाच्या निकालाचा आधार घ्यावा तर तिथे जीव जात होते, इथे एक वर्ष. गेल्या नाताळात तो मुलगा भेटला. आता तो एका प्राथमिक शाळेत शिकवतो. मी त्याला विचारले, त्या वेळी दाखला घेतला असतास तर? तो हसला आणि म्हणाला, “सर, आता माझ्याकडे हजेरीपट असतो. भातकापणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा. मी गैरहजरच लावतो, आणि संध्याकाळी त्यांच्या शेतावर जाऊन शिकवतो.”