हिच बसवण्याआधी दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा

ट्रेलर हिचच्या खोक्यावर ३५०० पौंड असं ठळक छापलेलं असतं आणि घेणारा तोच आकडा डोक्यात धरून बसतो. तो आकडा हिचचा असतो, गाडीचा नव्हे. आमच्या होंडा सीआर-व्हीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा १५०० पौंड, म्हणजे साधारण ६८० किलो दिलेली आहे. खाली कितीही जाड लोखंड लावलं तरी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि मागच्या स्प्रिंगा त्याच राहतात.

हे इतकं आवर्जून सांगायला कारण आहे. इथे मिशिगनमध्ये आमचं ढोल-ताशा पथक आहे. गणपतीच्या दिवसांत ढोल, ताशे, ध्वजाचे खांब आणि मांडवाचं सामान घेऊन आम्ही कधी शिकागोकडे, कधी ओहायोत जातो. एका वर्षी शिकागोला निघालो तेव्हा ट्रेलर एका मित्राच्या गाडीला जोडला होता आणि मी त्याच्या शेजारी बसलो होतो. ढोल आधीच आत गेले होते. मांडवाचे लोखंडी पाइप शेवटी आले, म्हणून ते मागच्या दाराशी टेकवून ठेवले गेले. शहरातून जाताना काहीच जाणवलं नाही. आय-९४ वर वेग ६५ मैलांच्या पुढे गेला, शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलर डावी-उजवी झोके घेऊ लागला. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. आमच्या गाडीचं मागचं अंग त्याच्याबरोबर सरकत होतं. मित्राने ब्रेकवर पाय दिला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि वेग ५० च्या खाली आल्यावर ट्रेलर शांत झाला. त्याला हे ठाऊक होतं म्हणून आम्ही वाचलो. झोके सुरू झाल्यावर गाडीचा ब्रेक दाबला तर पुढची गाडी मंदावते, मागचं वजन तिला ढकलतं आणि झोका वाढतो. वेग वाढवून ट्रेलर सरळ होईल, हा तर फार जीवघेणा गैरसमज आहे.

दोष होता वजनाच्या मांडणीत. ट्रेलरच्या एकूण वजनातलं १० ते १५ टक्के वजन जोडावर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर आलं पाहिजे. त्यासाठी साधारण ६० टक्के सामान चाकांच्या पुढे ठेवायचं. मागे जास्त झालं की जोड उचलला जातो आणि ट्रेलर झुलतो. उलट जोडावर फारच भार आला तर गाडीची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचललेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आता लेबल. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर टायरच्या हवेचा तक्ता असतो. त्यावरच माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. आमच्या गाडीला ८५० पौंड. पथकातली चार मोठी माणसं धरा ६६० पौंड, हिच स्वतः ३५, आणि १५०० पौंडांच्या ट्रेलरचा जोडावरचा भार १५०. झाले ८४५. डिकीत एक ताशाही ठेवायला जागा उरली नाही. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय हिच मागवू नका. आम्ही तो मांडला आणि ठरवलं की सीआर-व्ही फक्त छोटा ट्रेलर ओढेल आणि तिच्यात दोनच माणसं बसतील.

बसवण्याचं काम घरच्या ड्राइव्हवेत होण्यासारखं आहे. बहुतेक गाड्यांच्या चॅसीत आटे असलेले नट कंपनीतूनच वेल्ड केलेले असतात, त्यामुळे ड्रिल लागत नाही. पण मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं आणि ते नट गंजाने भरून जातात. आधीचे काही दिवस त्यात गंज सोडवणारं तेल मारत राहा, तारेच्या गोल ब्रशने आतून घासा, आणि प्रत्येक बोल्ट हिचशिवाय, नुसत्या बोटांनी फिरवून बघा. आमच्याकडे पथकातला एक कॉलेजचा मुलगा मदतीला आला होता. तो गाडीखालून म्हणाला, "काका, अर्धा जाऊन अडकलाय. पान्याने जोर देऊ का?"

"नको रे. उलटा फिरवून काढ बाहेर."

बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत तांबडी-काळी पूड घट्ट बसली होती. त्याच मापाचा आणि त्याच पिचचा टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवत नट साफ केला. मग बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेला. तिथे जोर लावला असता तर आटे कातरले गेले असते, किंवा नटच चॅसीतून सुटून आत गरगर फिरला असता. नट असा फिरू लागला तर थांबा आणि गाडी गॅरेजला द्या. ते काम चॅसी कापण्यावर जातं.

गाडी फक्त जॅकवर असताना तिच्याखाली शिरायचं नाही. जॅक स्टँड लावा, पुढच्या चाकांना अडण्या द्या. सायलेन्सर रबरांवरून सोडून खाली घ्यावा लागतो, तेव्हा त्याला पट्ट्याने आधार द्या. हिच वर धरायला दुसरा माणूस हवाच. बोल्ट खोक्यातलेच वापरा आणि पत्रकात दिलेल्या आकड्यावर टॉर्क पान्याने आवळा. अंदाजाने आवळलेला बोल्ट कमी आवळला गेला की जास्त, हे हाताला कळत नाही. पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा तपासा.

वायरिंगमध्ये लोक घाई करतात. चार पिनांच्या जोडणीत पांढरी अर्थ, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. तुमच्या गाडीला वळणाचे दिवे ब्रेकच्या दिव्यांपासून वेगळे असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. गाडीसाठी तयार मिळणारी हार्नेस घ्या. मूळ वायरी कापून जोडू नका. पांढरी वायर रंग खरवडून उघड्या पत्र्यावरच बसवा. ती रंगावर बसली की इंडिकेटर दिल्यावर ब्रेकचे दिवेही मंद लुकलुकतात आणि माणूस भलतीकडे दोष शोधत राहतो.

गोळ्याचं माप गोळ्याच्या वर आणि ट्रेलरच्या तोंडावर कोरलेलं असतं. दोन्ही सारखी हवीत. २ इंची तोंड १ ७/८ इंची गोळ्यावरही बसतं, खिट्टी लागते, आणि खड्ड्यात उसळी मारून सुटतं. म्हणून खिट्टी लावल्यावर ट्रेलरच्या जॅकने तोंड वर उचलून पाहा. गाडीचं मागचं अंग बरोबर उचललं गेलं तर जोड पक्का. साखळ्या तोंडाखालून एकमेकींवर आडव्या टाका, म्हणजे जोड सुटलाच तर तोंड रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर अडकेल.

आम्ही आता सामान भरून झालं की ट्रेलरचं तोंड न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर, लाकडाचा ठोकळा मध्ये देऊन, टेकवतो. आकडा कमी आला तर पाइप काढून पुढे सरकवतो, मग पोहोचायला उशीर झाला तरी चालेल.