साक्षांकन नमुना आणि जुना दारूचा गुन्हा



गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुलेही त्याच जिल्ह्यातली. त्यांतल्या एखाद्यावर मोहाची दारू नेताना पकडल्याचा जुना गुन्हा असतो. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा साक्षांकन नमुना हातात पडला की तो मला विचारतो, "सर, हे लिहू की नको?" या वेळचा अभ्यास त्या प्रश्नावर.

नमुन्यात काय विचारतात ते आधी पाहू. पूर्वी दारू पीत होता का, हा प्रश्न त्यात नसतो. अटक झाली होती का, खटला चालला का, न्यायालयाने दंड केला का, दोषी ठरवले का, प्रकरण प्रलंबित आहे का, हे विचारतात. खोटी माहिती दिली किंवा खरी लपवली तर उमेदवार अपात्र ठरू शकतो, अशी ताकीदही असते.

आमची मुले फसतात ती दंडाच्या प्रश्नावर. दारूबंदी कायद्याच्या लहान प्रकरणात पुष्कळ जण लवकर सुटायचे म्हणून गुन्हा कबूल करतात, दंड भरतात आणि 'मिटलं' म्हणत घरी येतात. ते मिटलेले नसते. न्यायालयात कबुली देऊन भरलेला दंड ही दोषसिद्धी आहे. म्हणून 'दोषी ठरवले का' यापुढे 'नाही' लिहिणारा मुलगा, आपण खरे लिहितो अशा समजुतीतच खोटे लिहितो. पोलीस ठाण्याच्या नोंदीत ते सापडते. (भरतीच्या वर्गात धावण्याचा सराव महिनोन्‌महिने चालतो, या नमुन्याला एक दुपार तरी द्यावी.)

2016 मध्ये 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याविषयी नियम घालून दिले. माहिती खरीच हवी. लपवलेला गुन्हा किरकोळ असेल तर अधिकारी त्याकडे दुर्लक्ष करू शकतात. पण खरे सांगितले म्हणून नेमणूक द्यावीच लागेल, असे नाही. हे शेवटचे वाक्य आईवडिलांना ऐकवताना मला जड जाते, तरी ते आधीच सांगितलेले बरे. त्याआधी 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल देताना याच न्यायालयाने 'ले मिझराब्ल' कादंबरीतल्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली होती. पाव चोरल्याबद्दल ज्याच्यावर जन्मभराचा शिक्का बसला, तो.

गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 24 प्रमाणे बाल न्याय मंडळाने हाताळलेल्या प्रकरणामुळे पुढे अपात्रता येत नाही. गांजासारख्या अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातही कलम 64-अ आहे: थोड्या प्रमाणातल्या पदार्थासाठी आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याच्यावरचा खटला टळतो. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते.

तेव्हा नमुना भरण्याआधी न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढून आणावी आणि प्रकरण क्रमांक, कलम, तारीख व निकाल तिच्यावरून जसेच्या तसे उतरवावेत. नमुना दिल्यानंतर नवा गुन्हा नोंदला गेला, तर तोही लगेच कळवावा लागतो. कबुली देण्याआधी वकिलाशी बोलावे. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. अर्ज तालुक्याच्या न्यायालयातल्या समितीकडेही देता येतो.