हे पुस्तक कोणाचे?

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी रद्दीच्या दुकानातून एक जुना इंग्रजी शब्दकोश विकत घेतला. चांगला जाडजूड, कापडी बांधणीचा. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस अर्ध्या पोस्टकार्डाएवढा एक छापील कागद चिकटवलेला होता. त्यावर समईचे चित्र आणि खाली दोन ओळी कन्नड मजकूर. त्या वेळी मला कन्नड वाचता येत नव्हते. शब्दकोश आता माझा, मग त्यावर दुसऱ्याचे नाव कशाला? मी ओल्या फडक्याने कागद भिजवला, नखाने खरवडून काढला आणि स्वतःचे नाव ऐटीत लिहून टाकले. आपण काय केले, हे कळायला पुढे बरीच वर्षे लागली.

त्या कागदाला ‘बुकप्लेट’ म्हणतात. युरोपात ‘एक्स लिब्रिस’ हे लॅटिन नाव रूढ आहे. ‘अमक्याच्या ग्रंथांपैकी’ एवढाच त्याचा अर्थ. ग्रंथाच्या मालकाचे नाव आणि त्याला शोभेल असे एखादे चित्र या चिठ्ठीवर असते.

या प्रथेचा उगम पंधराव्या शतकातील जर्मनीत झाला. हस्तलिखित ग्रंथ एकासारखा दुसरा नसे. छपाई आली आणि एकाच ग्रंथाच्या शेकडो सारख्या प्रती निघू लागल्या. मग आपली प्रत ओळखायची कशी? उपाय छपाईतच होता. लाकडी ठसा कोरून घ्यावा, हव्या तेवढ्या चिठ्ठ्या छापाव्यात आणि प्रत्येक ग्रंथात एकेक डकवावी. अगदी जुन्या चिठ्ठ्यांपैकी एकीवर तोंडात फूल धरलेला साळिंदरासारखा काटेरी प्राणी आहे. मालकाचे टोपणनाव ‘इग्लर’ होते आणि जर्मन भाषेत ‘इगेल’ म्हणजे हाच प्राणी. नावावरचा विनोद तेव्हापासूनचा आहे!

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. हिल्डेब्रांट ब्रांडेनबुर्ग नावाच्या गृहस्थाने सुमारे १४८० साली बुक्सहाइम येथील मठाला आपले ग्रंथ दिले. त्यांत बैलाचे चिन्ह असलेली ढाल धरून बसलेल्या देवदूताची चिठ्ठी होती. पुढे चारशे वर्षांनी, १८८३ साली, त्या मठाच्या ग्रंथसंग्रहाचा म्युनिकमध्ये लिलाव झाला आणि ग्रंथ देशोदेशी पांगले. आज जगातल्या एखाद्या ग्रंथालयात तो देवदूत दिसला, की हा ग्रंथ कोठून निघाला, हे अभ्यासकाला कळते. वाताहत झालेला संग्रह निदान कागदावर तरी पुन्हा जुळवता येतो.

आपल्याकडे चिठ्ठीचे काम मुद्रा करीत असे. जहांगीर आणि शाहजहान या बादशहांनी ग्रंथांवर स्वहस्ते नोंदी केल्या आहेत. आपल्या शेजारच्या विजापूरला आसार महालात उरलेली आदिलशाही हस्तलिखिते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनला गेली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हस्तलिखितांवरच्या अशा नोंदी आणि मुद्रा म्हणजे त्यांच्या प्रवासाची साक्षच होय.

पण मालकी सांगणे एवढाच बुकप्लेटचा हेतू असतो का? थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने सोळाव्या शतकाच्या आरंभी न्यूरेंबर्गचा आपला विद्वान मित्र पिर्कहाइमर याच्यासाठी एक बुकप्लेट काढली. तिच्यावर लॅटिनमध्ये शब्द आहेत, त्यांचा अर्थ ‘स्वतःसाठी आणि मित्रांसाठी’. म्हणजे ग्रंथ माझा खरा, पण वाचायला तुमचाही. १५७४ साली सर निकोलस बेकन याने केंब्रिज विद्यापीठाला ग्रंथ दिले, तेव्हा त्या देणगीची नोंदही छापील चिठ्ठीनेच झाली.

पुढे या चिठ्ठ्या जमवण्याचा छंद वाढला. सर ऑगस्टस फ्रँक्स यांनी तीस हजारांहून अधिक बुकप्लेट्स जमवल्या. १८९७ साली त्यांच्या मृत्यूनंतर त्या ब्रिटिश म्युझियमला मिळाल्या. पण या छंदापायी अनेक चिठ्ठ्या ग्रंथांतून सोडवल्या गेल्या. चिठ्ठी अल्बममध्ये गेली की चित्र उरते, पण कोणी कोणता ग्रंथ वाचला, हा धागा तुटतो. छंदिष्टांनी निदान चिठ्ठी तरी राखली. मी ती केरात टाकली.

विद्यार्थी मित्रांनी स्वतःची बुकप्लेट जरूर करावी. खर्च फारसा नाही. लिनोलियमचा तुकडा घ्यावा, त्यावर साधे चित्र आणि नाव कोरावे. अक्षरे आरशात दिसतात तशी उलटी कोरायची, हे विसरू नये. पहिला ठसा बहुधा त्यातच फुकट जातो. रुळाने पातळ शाई लावावी, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासावे. चिकटवायला मैद्याची पातळ खळ बरी. गोंदपट्टी मुळीच वापरू नये, तिचे पिवळे डाग पडतात. चित्र आपल्या आवडीचे, पण आपली ओळख पटेल असे असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुन्या पुस्तकात आधीच्या मालकाचे नाव असेल तर ते खोडू नये. आपले नाव त्याच्या खाली घालावे.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी कन्नड शिकलो. आता दुकानांच्या पाट्याच काय, वर्तमानपत्रही वाचतो. समईखालच्या त्या दोन ओळी मात्र आता वाचायला मिळणार नाहीत. शब्दकोश अजून माझ्या टेबलावर आहे. कागद होता तेवढा चौकोन फिकट राहिला आहे आणि त्यात माझे ते ऐटबाज नाव. अलीकडे मी त्याच्या वर कन्नडमध्ये एक ओळ लिहिली आहे : हे पुस्तक माझ्याआधी दुसऱ्या कोणाचे तरी होते.